भट्टी बंद केलीस का?

टोबिन, बूट घालायच्या आधी
दोन मिनिटं बस. किटली ठेवलीय.

तुझ्या वयात मी शब्दांचे पैसे मोजायचो.
शनिवारच्या पेपरात, जुन्या ट्रॅक्टरांच्या खाली,
'कुत्र्याची पिल्लं देणे आहे'च्या वर
माझ्या दोन ओळी:
'गृहस्थ, अठ्ठावीस, डोंगर चढण्याची आवड,
समविचारी मित्र हवा. पेटी क्रमांक एकशे चौदा.'
'एकटा' हा शब्द परवडला असता,
मीच गाळला.
'समविचारी'वर सगळा भार टाकला
आणि त्या बिचाऱ्याने तो पेललाही.

लॉन्सेस्टनच्या पोस्टात पत्रं यायची, दोन-तीन.
दोनदा वाचायची, मग शेगडीत.
टास्मानियाचा कायदा तेव्हा
आमच्या अंथरुणापर्यंत यायचा.
अक्षरावरून माणूस कळतो असं वाटायचं मला.
नाही कळत.
ज्याचं अक्षर सगळ्यांत देखणं
त्याने खाणीच्या रस्त्यावर बोलावलं,
आणि गाडीत तो एकटा नव्हता.

बेकरीवाली मर्टल,
जिला मी कधी काही सांगितलं नव्हतं
आणि जिला सगळं माहीत होतं,
एवढंच म्हणाली होती:
कुठे चाललास ते पिठाच्या पिशवीवर लिहून जा.
साडेदहा झाले, मी परतलो नाही,
तशी पावाची गाडी काढून निघाली
आणि हॉर्नवरचा हात
खाणीपर्यंत उचललाच नाही तिने.
माझे दोन दात गेले.
बाकीचा हा इथे बसलाय.

मग आमचं ठरलं. घरी पोचलो की फोन करायचा,
विचारायचं, 'भट्टी बंद केलीस का?'
ती म्हणायची, 'केली रे बाबा, झोप.'
एक्सचेंजवर कान लावून बसलेल्या बाईला वाटायचं,
काय विसरभोळी माणसं ही.

दाखव तो फोन.
चेहरा चांगला आहे. चांगलाच आहे.
पण चेहरे हल्ली उसने मिळतात.
व्हिडिओवर बोललास?
डोक्यावर चमचा ठेवून दाखव म्हणालास?
ठेवला? आणि हसला?
बरं. हसला ते जमेत धरतो.

नदीकाठच्या कॅफेत, माणसांत.
पेला टेबलावर सोडून उठू नकोस.
परतीचं भाडं मोज्यात.
'माझ्या गाडीतून चल' म्हणाला, तर तुला पाय आहेत.
निघावंसं वाटलं तर कारण शोधत बसू नकोस,
कारण नसतानाही निघता येतं.
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
आणि ते पाकीट खिशात असू दे.
लाजेपायी आम्ही कोण कोण घालवलं
ते आज नको. तुला उशीर होतोय.

ताक फुंकून पिणारा म्हातारा आहे मी, ठाऊक आहे.
पण प्रत्येक वाटीने काही तोंड पोळत नाही.
पाचव्या पत्रात लेस्टर होता.
अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
एकवीस वर्षं घरात राहिलं ते अक्षर,
दूधवाल्याच्या चिठ्ठ्यांवर,
शेवटी औषधाच्या डब्यांवर.
जा आता.

*

सव्वादहा. मर्टल आता नाही,
तिची पाळी माझ्याकडे आलीय.
साडेदहा. गाडीची किल्ली खुंटीवरून टेबलावर.
दहा चाळीस. बूट चढवले,
एका नाडीची गाठ काही बसेना.

मग मांडीवर थरथर:
'भट्टी अजून चालू आहे.
राहू दे का थोडा वेळ?'

चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
असं काही आमच्यात ठरलं नव्हतं.
आवाज ऐकल्याशिवाय विश्वास नाही,
मर्टलची शिकवण. फोन लावला.
मागे खुर्च्या, पेले, कोणाचा तरी चमचा पडला,
आणि दोघं हसले.

'राहू दे,' मी म्हटलं,
'पण अकराला पुन्हा विचारीन.'

किल्ली अजून टेबलावरच आहे.
बूटही काढले नाहीत.