त्रैराशिक

झेफेरिनाच्या टाकीवरचे आकडे मी लिहिले.
हे आधीच सांगून टाकतो,
पुढे धीर राहील न राहील.

कझेंगात नळ नाही. लुआंडाची तांबडी धूळ आहे,
ती फुकट.
पाणी टँकरनं येतं, झेफेरिनाच्या सिमेंटच्या टाकीत पडतं,
तिथून बादली-बादलीनं आमच्या घरात.
रोजचा भाव ती खडूनं टाकीवर लिही.
खडू माझ्या शाळेतला.

तिचा धाकटा तालातोनात माळीकाम करतो.
भिंतीआड हिरवळ, हिरवळीत निळा तलाव,
तलावात दिवसभर कुणीच नाही.
एकदा त्यानं मालकाचं पाण्याचं बिल आणलं,
कचऱ्यात सापडलेलं, मासे बांधायला बरं म्हणून.
झेफेरिना म्हणाली, मास्तर, काय लिहिलंय?
मी वाचलं. मग, सवय वाईट,
सोडवूनही दाखवलं:
हजार लिटरला चारशे क्वांझा, तर वीस लिटरच्या बादलीला किती?

आठ.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, लिहा.
मी लिहिलं: इथे १००. तिथे ८.
एवढंच. ना शिवी, ना घोषणा, ना कुणाचं नाव.

तीन दिवसांनी गाडी आली.
उपनिरीक्षक काल्देइरा टाकीसमोर उभे राहून
ते दोन आकडे असे वाचत होते
जणू मागे तिसरा दडलाय.
'तिथे' म्हणजे कुठे?
झेफेरिना म्हणाली, इथे नाही, तिथे.
पंचनाम्यात आलं: 'तिथे' हा शब्द चिथावणीखोर.
राज्याची बदनामी. खडू जप्त.
हिशोब कुणी केला?
मी चार पावलांवर, रिकामी बादली धरून.
तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
म्हणाली, बादलीनं.

तिला नेलं. टाकी पुसली.
फडकं भिजवायला पाणी तिचंच घेतलं,
पैसे न देता.

दुसऱ्या दिवशी टँकर आला,
भाव कुणालाच ठाऊक नाही.
सून टाकीवर बसलेली, पायात पाय अडकवून.
विचारलं तर म्हणे,
भाव सांगणं गुन्हा झालाय, ठाण्यात विचारा.

आधी म्हातारी एर्मेलिंडा गेली, खरंच विचारायला.
तिला ऐकू कमी येतं, आणि टोमणा मुळीच कळत नाही.
मग तिच्या मागे तिच्या जावा, मासेवाल्या,
निळ्या मिनीबसचा कंडक्टर, तीन न्हावी.
दुपारी ठाण्याच्या पायरीपासून
टायरच्या दुकानापर्यंत रांग,
हातोहाती बादल्या,
आणि एकच प्रश्न, अगदी अदबीनं:
साहेब, आज पाणी काय भाव?

जमाव म्हणावं तर रांग.
घोषणा म्हणावी तर चौकशी.
शिपायानं कायद्याचं पुस्तक दोनदा चाळलं.

मी एकेचाळिसावा.
शूर म्हणून नव्हे, घरातलं पाणी संपलं होतं.
माझी पाळी आली तेव्हा काल्देइरांचा घसा बसलेला.
काय करतोस?
गणित शिकवतो.
त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं.
नखांत पांढरं.
पाहतच राहिले.
मग पंख्याच्या घरघरीखाली,
शिपायाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं:
ते आठ... बरोबर आहे का?
आमच्याकडेही शंभरच घेतात.

मी काय म्हणालो ते सांगितलं असतं.
पण झेफेरिना अजून आत आहे.

तिची नात माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसते.
आज फळ्यावर मी आंब्यांचं उदाहरण घातलं,
निरुपद्रवी, पुस्तकातलं:
दहा आंबे, पाच मुलं, सगळ्यांना सारखे.
तिनं हात वर केला.
मास्तर,
हे गणित इथलं की तिथलं?