गाळलेली जागा

साहेब मागच्या सीटवर कधी बसले नाहीत.
माझ्या शेजारी, गुडघ्यावर वही,
पडलेल्या निवडणुकीच्या नमुना मतपत्रिका शिवून केलेली.
पुढच्या अंगाला रेवगोंडा हत्तळी, चिन्ह किटली,
पाठीमागं कुणा जुन्या विणकराची कानडी कविता,
मराठीत यायला कुरकुरणारी.

जत सुटलं की सुरू.
"इलाही, हसिवु म्हणजे भूक, कबूल.
पण ही भूक सकाळची की रात्रीची?"
मी म्हणायचो, साहेब, पुढं गतिरोधक आहे.

आमदारकी म्हणजे तरी काय, म्हणायचे,
बाई कानडीत रडते,
अर्जात तिची 'सदर महिला' होते.
'तपासून पाहण्यात येईल' याचं मराठी 'नाही'.
हसायचे. मग काच खाली करून
बराच वेळ बाभळी मोजायचे.

त्या उन्हाळ्यात संखला टँकरची पाहणी.
सांगलीहून मोठे अधिकारी, नाकाला रुमाल.
नागव्वा हंडा आपटून पुढं आली,
बोट त्यांच्या छातीशी:
"निन्न मनी बयलागली!"
अधिकाऱ्यांनी विचारलं, काय म्हणतात या?
साहेब थांबले. माझ्याकडं पाहिलं. मग
"घराकडं लक्ष द्यावं, अशी विनंती करतात."
डायरीत नोंद झाली.
नागव्वाला मराठी येत नव्हतं.
मला दोन्ही येत होतं.

परतताना वही उघडलीच नाही.
कवठे महांकाळच्या अलीकडं म्हणाले,
"तुझ्या घराचा उजाड माळ होवो, म्हणाली ती.
मी तिचा शाप चोरला, इलाही."

आणि विणकराच्या शेवटच्या कवितेत
नेमका तोच शब्द. बयलु.
तिथं तो शाप नव्हता.
भिंत पडते, माग पडतो, विणणाराही उरत नाही,
उरतं ते बयलु, आणि म्हातारा
त्यात उभा राहून खुशाल हसतो.

माळ लिहिलं, खोडलं.
शून्य लिहिलं, खोडलं.
मोकळवण लिहून महिनाभर ठेवलं,
मग तेही ब्लेडनं खरवडून काढलं, कागद फाटू न देता.
"नागव्वालाही चालला पाहिजे," म्हणाले,
"आणि म्हाताऱ्यालाही."

दुसऱ्यांदा पडले ते नऊशे मतांनी.
मिरजेत गोदामाबाहेर मी जीप चालूच ठेवली होती.
आले, शेजारी बसले,
गुलाल न लागलेले तळहात उलटसुलट बघितले.
"उद्यापासून अंगण बयलु," म्हणाले.
वहीत मात्र लिहिलं नाही.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.
वही छापायला मीच नेली, खणभागात.
पोरगं म्हणालं, चाचा, शेवटच्या पानावर शब्द सुटलाय,
बोटभर जागा आहे. शून्य घालू? अर्थ बसतो.
मी म्हणालो, जागा ठेव. बोटभरच.
लोक चूक म्हणतील.
म्हणू देत.

एक प्रत संखला दिली.
नागव्वानं उलटी धरली, वास घेतला,
विचारलं, यात टँकरचं काही आहे का रे?
मी कानडीत सांगितलं,
आहे.
शेवटच्या पानावर.