दाव्यासकट

कर्नालहून निघालेला ट्रक
चौथ्या रात्री मुंढव्यात पोचला.
फळी टाकली. सहा म्हशी उतरल्या.
सातवी अडून राहिली,
खाली पाणी असल्यासारखी
खुरानं अंधार चाचपत.
नंदलाल हिरणवाळे तिच्या कानाशी काहीतरी बोलला,
मग आली.

कागद सगळे होते.
कानात बिल्ला बारा आकडी,
दाखल्यावर शिक्का, शिक्क्यावर सही,
तारीख निघायच्या दिवसाची.
सकाळी मी पाहिले. मीही सही केली.
आत जे होतं त्याला बिल्ला नव्हता,
त्याची खबर अजून म्हशीलाही नव्हती.

"एकवीस दिवस वेगळं बांधा," मी म्हटलं.
"कुठं बांधू?" नंदलालनं विचारलं.
एका अंगाला नदी,
दुसऱ्या अंगाला बावीस मजले,
ज्यांना शेणाचा वास चालत नाही
आणि दूध मात्र सहाच्या आत लागतं.

सौदा तिकडेच झाला होता, रुमालाखाली,
बोटांत बोटं घालून,
आकडा तिसऱ्याला कळू नये म्हणून.
इथला व्यवहारही तसाच झाला,
एका हौदावर,
नाकाशी नाक, रात्रभर.

पाचव्या दिवशी कौसाबाईचा फोन,
"डॉक्टरीणबाई, नवी रवंथ करत नाय.
तोंडातनं लाळेची तार लागलीय."
जीभ धरली तर वरची साल
माझ्या मोज्यातच राहिली.
खुरांच्या बेचक्यात फोड.
सातवीच होती ती.

लाळ्या खुरकूत.
आमच्या गावी हा शब्द शिवी म्हणूनही चालतो.

मग बाकीच्या सहा.
मग घरच्या अकरा.
रेडकू तर दूध पिता पिता कलंडलं,
कासेखालीच.

औंधच्या ऑफिसात नकाशावर टाचण्या लावल्या:
केशवनगर, मांजरी, थेऊर फाटा, लोणी.
ट्रक तिकडे गेला नव्हता.
म्हैस गेली नव्हती.
किटल्या विचारल्या, वैरणवाला विचारला,
भटकी कुत्रीसुद्धा मोजली.
शेवटी माझी डायरी उघडली.

ट्रक आल्याच्या दुसऱ्या दिवशी, मुंढव्यानंतर:
केशवनगर, कृत्रिम रेतन.
मांजरी, जार अडकलेला.
थेऊर फाटा, कासदाह.
लोणी, नुसता चहा, पण गोठ्यात उभ्यानं.
अक्षर माझंच.
बूट दाराशी, तळव्यांच्या खाचांत
वाळून बसलेला मुंढवा.

परत गेले तेव्हा
कौसाबाई दावं जाळत होती.
"आमच्यात जनावर देतात, दावं ठेवून घेतात.
त्यांनी दाव्यासकट दिलं.
तवाच वळखाया पायजे होतं."
धूर नदीकडे चालला होता.
बावीस मजल्यांवर कुणीतरी खिडकी लावून घेतली.

मी काही बोलले नाही.
बादलीत धुण्याचा सोडा कालवला
आणि तिच्या उंबऱ्याबाहेर
आधी माझे पाय घातले.