थंडीचं इंडेंट

कोजागिरीचं दूध आटतं न आटतं
तोच मी स्टोअरची किल्ली काढते.
तांडापेठेतल्या आमच्या दवाखान्यात
हिवाळा आधी कागदावर येतो,
तीन प्रतींत, मधे कार्बन घालून.

दम्याचे पंप: मागितले चारशे, मिळतील दीडशे.
नेब्युलायझर दोन, एकाची नळी चिकटपट्टीवर जगते.
ब्लँकेटं अठरा,
त्यातली चार उंदरांनी आधीच वापरून पाहिलीत.
हायड्रॉक्सीयुरिया...
इथे पेन थांबतं. दरवर्षी थांबतं.

बाकीच्यांना थंडी वाजते.
सिकलच्या पोरांची ती हाडं वाजवते.
पेशी विळ्यासारख्या वाकतात
आणि एकमेकींत गुंतून बसतात,
बोळाच्या तोंडाशी अडकलेल्या हातगाड्या जशा.
हे मी नाही, डॉक्टर हुमेरा सांगतात आयांना,
केसपेपरच्या पाठीवर चित्र काढून.

मागच्या जानेवारीत प्रज्योत धापोडकर,
इयत्ता सातवी, गार पाण्यानं आंघोळ करून
पहाटे परेडच्या सरावाला गेला.
दुपारी मेयोत नेलं तेव्हा
स्ट्रेचरची दांडी चावत होता.
अॅम्ब्युलन्स नव्हती. दुसऱ्या केसवर होती.
त्याआधी डिसेंबरात तर ती मुळीच नव्हती:
सरकार नागपुरात आलं की
रस्ते नवे पट्टे ओढून घेतात
आणि आमची गाडी, हेडाऊभाऊंसकट,
मोर्चाच्या पॉइंटवर उभी राहते दोन आठवडे.
"तर्रीपोहे खाऊन रायलो जी तिथं," भाऊ म्हणाले होते,
"पन घास काई खाली उतरत नाही."

रंजूताई निखारे, आमची आशा,
माझ्या खांद्यावरून कागदात डोकावते.
"म्याडम, गोळ्या त लिवल्या.
गरम पानी कोन्त्या रकान्यात लिवता?"

रकाना नाही.
म्हणून ही दुसरी वही, शाळकरी, दोनशे पानी.
लाल कार्डाची एकतीस घरं.
कुणाकडे शेगडी, कुणाकडे गिझर, कुणाकडे नुसतं ऊन.
कोणत्या आजोबांचा पंप आवाज करतो, औषध देत नाही.
कोण जानेवारीत बाळंत होणार,
आणि वॉर्मर बंद पडला तर
बाळ छातीशी कसं बांधायचं, हे तिच्या सासूला सांगून झालं का.
(वॉर्मर बंद पडतोच.)
भिंतीवर खडूनं तीन ऑटोवाल्यांचे नंबर,
रात्री उठणारे. चौथा उठतो, पण प्यालेला असतो,
त्याचा पुसला.

हेडसरांकडे आम्ही तिघी गेलो.
"एकालाच परेडमधून सूट कशी द्यायची?
उद्या सगळे पाय दुखतात म्हणतील."
डॉक्टरांनी त्यांच्याच हजेरीपटाच्या कोऱ्या पानावर
विळा काढला.
सर बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, घंटेजवळ उभा करतो. स्वेटर घालून.

पारा साडेसहावर आला त्या रात्री
मी घरी दोन पांघरुणांत जागी होते,
फोन उशाशी, आवाज पूर्ण मोठा करून.
कोराडीकडचा धूर खाली बसला होता,
कुत्रीसुद्धा गप्प.
दोन वाजले. चार वाजले.
दूधवाल्याची सायकल.

अहवालात लिहिलं:
तीव्र वेदनेचे रुग्ण, शून्य.
वरून फोन आला. "शून्य? मॅडम,
शिबिर घेतलं नाही का तुम्ही?
आकडा भरा काहीतरी."
मी शून्यच ठेवलं.
पुन्हा एकदा गिरवलं, जरा ठसठशीत.

अकराच्या उन्हात प्रज्योतची आई आली,
गोळ्यांचं पाकीट घ्यायला,
काखेत नऊ नंबरचं ब्लँकेट, चौघडी घातलेलं.
मी म्हटलं, अजून महिना काढायचाय थंडीचा, राहू द्या.
"नाई जी, आमची गोधडी शिवून झाली.
धुतलं नाही मात्र.
वाळलं नसतं एका दिवसात,
अन् तुमाले रात्री लागलं असतं कोनासाठी."