उटी

बसमध्ये अजून लिहिलेलं आहे,
‘खिडकीबाहेर हात काढू नये’.
मी रोज सकाळी काढते.
ब्रश धुतलेलं पाणी फेकायला
दुसरी जागाच नाही.

बेचाळीस पोरांची बस, आता आम्ही दोघं.
मागचे बाक काढून खाट,
मधले काढून रंगांचे डबे,
कळमन्याहून आणलेल्या संत्र्याच्या पेट्या फोडून
ठोकलेली एक फळी.
फळीवर गोडेतेल आणि टर्पेंटाइन
सारख्याच बाटल्यांत.
चूक एकदाच झाली.
ते वरण टायरवाल्याच्या कुत्र्यानंही सोडलं.

सेवक लाकूड तासतो. मी डोळे काढते.
वीतभर उंचीचे नंदी,
खुरांखाली पट्टी, पट्टीला चार चाकं.
बैलाला पाय असून चाकं लावायची,
आणि घराला चाकं असून ते उभं.
सेवक म्हणतो, डिझेलचा भाव पाह्य आणि मग बोल.

मे महिन्यात पत्रा असा तापतो
की पिवळा रंग डब्यातच घट्ट होतो.
तेव्हा आम्ही सावली पाहून गाडी लावतो,
सावली सरकली की आम्ही सरकतो,
संध्याकाळपर्यंत कडुनिंबाला
एक अख्खी प्रदक्षिणा झालेली असते.

वर्षातले अडीच महिने नंदी आम्हाला पोसतात,
उरलेले साडेनऊ आम्ही त्यांना.
मधेच कुणाच्या ट्रकवर नाव,
कुणाच्या रसवंतीवर ऊस,
एकदा दातांच्या दवाखान्यासाठी एवढी मोठी दाढ
की डॉक्टरच म्हणाले, पेशंट घाबरतील, थोडी हसवा.
दाढ हसवली. दीडशे जास्त घेतले.

लाकडासाठी पंधरा हजार हवे होते.
बँकेतल्या बाई म्हणाल्या, कायमचा पत्ता लिहा.
मी लिहिलं: वाडी नाका, टायरवाल्याच्या मागे.
‘टायरवाला उठला तर?’
‘तर आम्हीही उठू.’
बाई हसल्या. हसू काही वाईट नव्हतं.
कर्ज मात्र निघालं नाही.

गेल्या साली एका नंदीचा पुढचा पाय तडकला.
एक डोळा काढून झाला होता, दुसरा राहिलेला.
सेवक म्हणाला, चुलीत घाल.
हात काही धजला नाही.
हँडब्रेक तर कधीचाच गेलेला,
मी तो नेऊन मागच्या चाकाखाली सारला,
उटी म्हणून.
तेव्हापासून तो तिथेच.
चिखलात, धुळीत, एका डोळ्यानं
तीन टनांचं घर धरून.

यंदा तान्ह्या पोळ्याच्या दुपारी
शेवटचे पाच नंदी उरले होते.
एक पोरगी आली, भाविका नाव सांगितलं,
बाप ट्रकवर किन्नर.
मुठीत वीस रुपयांची ओली नोट.
पाचही पाहिले, झुली पाहिल्या, शिंगांचे गोंडे पाहिले,
आणि वाकून बसखाली बोट दाखवलं.

‘काकू, मले तो पाह्यजे.’
‘तो मोडका आहे गं. तो का?’
‘सगळे नुसते उभे आहेत.
तो घर ओढून राहिला.’

सेवकनं रंधा खाली ठेवला.
माझ्याकडे पाहिलं नाही,
टायरवाल्याकडून दगड आणायला गेला.

मी चिखल पुसला.
राहिलेला डोळा काढला,
हात जरा हलला, डोळा मोठा झाला,
असू दे, आता त्याला दोन्हीकडची रहदारी पाहायची आहे.
सेवकनं उभ्या उभ्या चाकं ठोकली.
चौथं कुरकुरत होतं. ती म्हणाली, असंच पाह्यजे.

नोट मी घेतली.
आणि दहाचं नाणं तिच्या हातावर ठेवलं,
बोजारा म्हणून, पहिल्या घराचा.

ती गेली, ट्रकांच्या रांगेतून, लंगडा बैल मागे,
कुरकुर बराच वेळ ऐकू येत होती.

दगड नीट बसेपर्यंत
घर वीतभर पुढे गेलं होतं.
भांडी वाजली, बाटली पडली,
कोणती ते अजून पाहिलेलं नाही.
पत्ता तेवढा बदलला.
बँकेतल्या बाईंना कळवायचं राहिलं.