अंगठा

सांवेर रोडच्या शेव कारखान्याचं हजेरीबुक
माझ्या टेबलावर. अजून तेलकट.
चौदा महिने, चौदा अंगठे,
प्रत्येकाशेजारी: ओव्हरटाइमसह मजुरी पावली.

कामगार न्यायालयात सरकारतर्फे मी हिंदीत बोलते,
बेरीज मात्र आईच्या भाषेत, ओठांतल्या ओठांत:
हातचे तीन, हातचा एक.
कुणाच्या हातचे गेले
ते पाढ्यांत नव्हतं.

गेंदाबाई भिलाला पुढे येतात.
मी शाईचा पॅड सरकवते.
त्या अंगठा टेकवतात, दाबतात, पुन्हा दाबतात.
कागदावर नुसता काळा गोळा.
रेषा कधीच सोड्याने खाल्ल्यात.

रजिस्टरातले चौदाही स्वच्छ,
वळण न् वळण मोजावं असे,
कुणाच्या तरी मऊ हाताचे.

मुनीमजी हात खिशात घालतात.

गेंदाबाई शाई पुसायला
जागा शोधतायत.