वाजवून बघणारा

एकतीस वर्षं मी हा पूल वाजवून बघितला.
हातोडी चारशे ग्रॅमची, दांडा दोनदा बदललेला.
मडकं घेताना बोटाच्या पेरानं वाजवतात, तसंच:
टण् म्हणजे पक्कं,
थप् म्हणजे आत काहीतरी सुटलंय.
थप् ऐकलं की निळ्या मेणखडूनं गोल काढायचा,
गोलात तारीख, खाली ‘गु.’, म्हणजे गुंडोल्फ.

सुरुवातीला गोल मोजता यायचे.
शेवटी शेवटी पुलाच्या पोटावर
गोलाला गोल चिकटत गेला.
अहवाल मी लिहायचो. वरचे वाचायचे,
‘वाचले’ असं सही करून कळवायचे.

मग एका डिसेंबरात, गुरुवारी रात्री नऊला,
पुलावर आडवा खांब पडला
आणि उत्तरेचा दक्षिणेला जाणारा सगळा माल
साउअरलंडच्या आमच्या दरीत, गावात उतरला,
ल्युत्फियेच्या बेकरीसमोरून, दिवसरात्र.
तिच्या काचेच्या बशा रात्रभर एकमेकींशी बोलायच्या.
तिनं बशांमध्ये रुमाल घातले.
तिसऱ्या वर्षी रुमाल विरले.
“तुझ्या खडूमुळे,” पाव बांधताना ती म्हणाली.
सुटे पैसे मात्र मोजून दिले.

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा झाली.
कंपनीच्या टेरहाइडेबाईंनी समजावलं:
जमीन सरकारची, पूल कंपनी बांधणार,
तीस वर्षं तीच सांभाळणार,
मार्गिका उघडी राहील त्या तासाचे पैसे घेणार,
बंद राहील त्या तासाचे कापून देणार.
टोल? नाही, टोल नाही.
मग पैसे कुणाचे?
“आपलेच की,” मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.
हॉल हसला. बाईसुद्धा हसल्या, थोड्या उशिरा.

करारात एक कलम उंदरांचं होतं.
पुलाखालच्या झुडपांत सोनेरी रंगाचे,
अंगठ्याएवढे उंदीर
ऑक्टोबर ते एप्रिल झोपतात.
ते उठेपर्यंत यंत्र लावायचं नाही.
उशीर झाला तर भुर्दंड कुणाला?
दोन्हीकडच्या वकिलांनी म्हणे सहा दिवस घालवले.
ठरलं ते असं: झोपेची जोखीम सरकारची,
जाग आल्यानंतरची कंपनीची.
इतकं न्यायाचं वाक्य
मी आमच्या खात्यात कधी वाचलं नव्हतं.

पूल पाडला त्या दिवशी अख्खं गाव टेकडीवर होतं,
दुर्बिणी, थर्मास, पोरं खांद्यावर.
मी तळघरात बटाटे निवडत बसलो.
आवाज ऐकला.
टण् नव्हता. थप्ही नव्हता.

जुन्या पुलाचं एक ढेकूळही दरीबाहेर जाणार नाही,
हेही करारात होतं.
लोखंड वेगळं काढायचं, काँक्रीट दळायचं,
तेच नव्या रस्त्याखाली अंथरायचं.
मी बघायला गेलो.
जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात;
यंत्राच्या सुपात मला निळा अर्धा गोल दिसला.
१४ मे. वर्ष तुटलेलं. ‘गु.’ शाबूत.

यंत्रावरच्या एन्नोनं पट्टा थांबवला.
“हवाय का तुम्हाला?”
मी पेरानं वाजवून बघितला.
थप्.
इतक्या वर्षांनंतर, इतकं सगळं होऊनही, थप्.
“नको,” म्हटलं, “जाऊ दे आत.
दळल्यावर पोकळ कुठे राहतं?”

नव्या पुलात दोनशे बारा कान बसवलेत.
ते ऐकतात, आणि कळतं
दोन तासांवरच्या शहरात, एका पडद्यावर.
ल्युत्फियेच्या बशा गप्प आहेत;
त्यामुळे झोप लागत नाही, अशी तिची नवी तक्रार.

तीस वर्षांनी कंपनी पूल सरकारला परत देईल,
‘सुस्थितीत’, असं कलम एकोणचाळीस सांगतं.
सुस्थिती कुणी, कशी ऐकायची,
ते परिशिष्टात असावं. मला सापडलं नाही.
तेव्हा मी चौऱ्याण्णवचा असेन.

हातोडी खात्याची होती.
मी ती अजून परत केलेली नाही.